सत्र न्यायालयातला एकच खटला, मी पाहिलेल्या पहिल्या साक्षीपासून

अबोली_क

नमस्कार मंडळी. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आज सवड मिळाली.

आधी थोडी पार्श्वभूमी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे आम्हाला एक प्रात्यक्षिक पेपर असतो. अभिरूप न्यायालयाचे (मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटीचा खटला चालवण्याचे) ३० गुण, वकिलांच्या ऑफिसात पक्षकाराशी बोलणं कसं होतं ते पाहून लिहिण्याचे आणि इंटर्नशिपच्या डायरीचे ३०, तोंडी परीक्षेचे १०. राहिलेले ३० गुण दोन खटल्यांचं कामकाज प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहण्याचे, एक दिवाणी आणि एक फौजदारी. कोणत्या तारखेला काय झालं ते टप्प्याटप्प्याने नोंदवहीत लिहायचं असतं. पुष्कळ मुलं हा भाग सीनियरच्या वहीवरून उतरवून काढतात. मला ते करायचं नव्हतं, पण पहिल्या दिवशी कोर्टात गेले आणि संध्याकाळी हात हलवत परत आले. चार कोर्टरूम फिरले. एकीकडे वकील आजारी, दुसरीकडे साक्षीदार गैरहजर, तिसरीकडे आरोपीला जेलमधून आणलंच नव्हतं. सगळीकडे पुढची तारीख.

बाररूमच्या बाहेर एका वकील मॅडमनी विचारलं, काय शोधतेस. सांगितल्यावर म्हणाल्या, "दहा ठिकाणी डोकावू नकोस. एक मॅटर धर आणि त्याच्या मागे लाग. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर केस नंबर टाकलास की पुढची तारीख दिसते. त्या तारखेला साडेदहाला येऊन बस." त्यांचं ऐकलं, हे फार बरं झालं.

मी धरलेला खटला जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा, भारतीय दंड संहितेचं कलम ३०७. घटना २०२१ ची, खटलाही १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू होण्याच्या आधीच सुरू झालेला, म्हणून कामकाज जुन्या कायद्याने. त्याच कोर्टात पुढची फाईल नव्या कायद्याची निघायची. सुरुवातीला माझा फार गोंधळ झाला. मग वहीच्या मागच्या पानावर जुनी आणि नवी कलमं शेजारी शेजारी लिहून ठेवली.

मी गेले त्या दिवशी सरकार पक्षाची साक्षीदार क्रमांक तीन होती, जखमी मुलाची आई. साठीच्या आसपासची. पुकारा झाला तशी लगबगीने आत आली, पिंजऱ्यात चढताना चपला खाली काढून ठेवल्या. शिपाई म्हणाला, "असू द्या, घाला." तिने घातल्या नाहीत. शपथ झाली, सरतपास झाला, म्हणजे सरकारी वकिलांनी आधी आपले प्रश्न विचारले. आरडाओरडा ऐकू आला, मी बाहेर आले, पोरगा पडला होता, याच्या हातात कोयता होता. "याच्या" म्हणताना तिने बोट दाखवलं. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "साक्षीदार न्यायालयात हजर असलेल्या आरोपीकडे निर्देश करते."

मग उलटतपास. आरोपीचे वकील आवाज न चढवता बोलत होते.

"पोलिसांनी तुमचा जबाब घेतला तेव्हा आरोपीच्या हातात कोयता पाहिला, असं तुम्ही सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं की."

"मग ते जबाबात का लिहिलेलं नाही?"

तिने आधी वकिलांकडे पाहिलं, मग वर न्यायाधीशांकडे. "मला वाचता येत नाही साहेब. मी समदं सांगितलं होतं. त्यांनी काय लिवलं ते त्यांनाच विचारा."

न्यायाधीश क्षणभर थांबले आणि मजकूर सांगितला: "आरोपीच्या हातात कोयता होता ही बाब माझ्या जबाबात का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही."

मी पेन खाली ठेवलं. तिने तर कारण सांगितलं होतं! तेवढ्यात सरकारी वकील उठून उभे राहिले आणि म्हणाले, वाचता येत नसल्याचं घ्यावं साहेब. मग पुढे एक वाक्य वाढलं: "साक्षीदार स्वतःहून सांगते की, मला लिहिता-वाचता येत नाही." ते उठले नसते तर ते वाक्य कागदावर आलं असतं की नाही, हा विचार त्या रात्री बराच वेळ डोक्यात होता.

या प्रश्नाचं पुढचं टोक मला सात आठवड्यांनी दिसलं. तपासी अंमलदारांची साक्ष होती. तेच वकील, तोच शांत आवाज. साक्षीदार क्रमांक तीनने कोयत्याबद्दल तुम्हाला सांगितलं होतं का? अंमलदारांनी फाईलमधला जबाब चाळून पाहिला. उत्तर नोंदवलं गेलं: "हे खरे आहे की, तसे तिच्या जबाबात नमूद नाही. तिने सांगितले असते तर मी ते लिहिले असते."

बाई म्हणते मी सांगितलं. अंमलदार म्हणतो सांगितलं असतं तर लिहिलं असतं. ही दोन वाक्यं सात आठवड्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या कागदांवर, दोन वेगळ्या सह्यांखाली आहेत. निकालाच्या वेळी न्यायाधीश ती शेजारी शेजारी ठेवणार. यातला एकच दिवस पाहिला असता तर मला वाटलं असतं की वकील एका म्हाताऱ्या बाईला उगाच छळतोय.

इथे वकील, कोर्टात नोकरी केलेले, साक्षीला जाऊन आलेले असे बरेच जण आहेत. बाकावर बसून पाहणाऱ्याने नेमकं काय पाहावं, काय टाळावं, जरूर लिहा.


वाटसरू_७

फार मनापासून लिहिलंय. एक शंका. मी विद्यार्थी नाही, वकीलही नाही. मला असं कोर्टात जाऊन बसता येईल का? की पास वगैरे लागतो?


काळा_कोट

@वाटसरू_७, बसता येतं. फौजदारी न्यायालय खुलं असतं, तो कायदाच आहे. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं कलम ३२७ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३६६. जागेत मावतील तितके लोक बसू शकतात. न्यायाधीशांना एखाद्या खटल्यात लोकांना किंवा एखाद्या व्यक्तीला बाहेर काढण्याचा अधिकार आहे. बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात. पॉक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्याचे) खटलेही तसेच, आणि तिथे मूल साक्ष देत असताना ते आरोपीच्या नजरेसमोर येऊ नये अशी व्यवस्था करावी लागते. बाल न्याय मंडळ तर बाहेरच्यांसाठी नाहीच. दाराशी पोलिसाने किंवा शिपायाने विचारलं तर सरळ सांगायचं की कामकाज पाहायला आलोय. मोबाईल बंद. फोटो आणि रेकॉर्डिंगचा विचारही करू नका.

कोर्टाचा दरवाजा उघडा का हवा, यावर आपल्याकडे मोठा वाद होऊन गेलाय. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६६. मुंबई उच्च न्यायालयात एका अब्रूनुकसानीच्या दाव्यात साक्षीदाराची साक्ष वर्तमानपत्रांत छापू नये असा तोंडी आदेश झाला होता, त्याविरुद्ध पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं. बहुमताने आदेश टिकला, पण कामकाज खुलं असणं हा नियम आणि बंद असणं हा अपवाद, हेही त्याच निकालात ठामपणे आलंय. न्या. हिदायतुल्ला यांचं विरोधी मत अबोलीताईंनी जरूर वाचावं.

दुसरा निकाल तर विद्यार्थ्यांच्याच जिव्हाळ्याचा. २०१८ चा स्वप्नील त्रिपाठी. याचिकाकर्ता स्वतः कायद्याचा विद्यार्थी. सोमवारी आणि शुक्रवारी सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात इंटर्नना प्रवेश मिळत नाही ही त्याची तक्रार, आणि त्या याचिकेतून थेट प्रक्षेपणाला मान्यता देणारा निकाल निघाला. बाकावर जागा मिळावी म्हणून एक मुलगा कोर्टात गेला आणि त्यातून एवढं मोठं काम झालं!

आता ताईंच्या कोयत्याबद्दल. मी बचाव पक्षाचं काम करतो, म्हणून त्या वकिलांची बाजू मांडतो. पोलिसांसमोरचा जबाब हा पुरावा नव्हे. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते. त्याचा उपयोग मुख्यतः एकच, साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर त्यातली तफावत दाखवायची. आणि एखादी गोष्ट जबाबात मुळीच नसणं हीसुद्धा तफावत ठरू शकते, मात्र ती बाब महत्त्वाची असली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या तहसीलदार सिंग निकालापासून यावर अखंड खल चाललाय. आम्ही त्याला ओमिशन म्हणतो. ते आधी साक्षीदाराला विचारावं लागतं आणि नंतर जबाब लिहिणाऱ्याच्या तोंडून शाबीत करावं लागतं. पहिली पायरी झाली आणि दुसरी राहिली तर सगळं फुकट. त्या वकिलांनी सात आठवडे ते लक्षात ठेवलं, याला मी चोख काम म्हणतो.

आणि एक लक्षात घ्या. ती आई खरं बोलत असेल. पण हत्यार पाहिल्याचं खरोखरच आधी सांगितलं नसेल आणि तीन वर्षांत घरात बोलून बोलून ते डोळ्यांसमोर उभं राहिलं असेल, तर पिंजऱ्यातल्या माणसाची दहा वर्षं त्या एका वाक्यावर जातात. ते विचारणारं कुणीतरी हवंच.


निशिगंधा

वाचतेय. पुढचं लवकर लिहा. त्या आईचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.


जुना_लघुलेखक

मी एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो, आता निवृत्त. ताई, तुम्ही जिथे पेन खाली ठेवलंत तिथे माझी सगळी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सत्र खटल्यात साक्ष साधारणपणे कथनाच्या रूपात लिहून घ्यायची असते, प्रश्नोत्तर म्हणून नव्हे. हवं तिथे न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं घेऊ शकतात, पण एरवी प्रश्न गळतो आणि उत्तर वाक्य होतं. वकील विचारतात, "तुम्ही तिथे नव्हताच ना?" साक्षीदार नुसती मान हलवतो. कागदावर येतं, "हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो." दोन नकार एकात एक. नवीन माणसाला हे वाक्य दोनदा वाचल्याशिवाय उमगत नाही. अपिलात वरच्या कोर्टापुढे जातं ते हेच. तिथे ना साक्षीदार असतो ना त्याचा आवाज.

१९९८ पासून आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. पण साक्षीदाराची मराठी आणि कागदाची मराठी यांत फार अंतर. एक मेंढपाळ साक्षीला आला होता. किती वाजता पाहिलंस विचारलं तर म्हणाला, "चांदणी वर यायच्या आत." वकील म्हणाले वेळ सांग. तो म्हणाला, सांगितली की. आमचे त्या वेळचे साहेब फार समजूतदार. त्यांनी मला सांगितलं, त्याचे शब्द अवतरणात घे, आणि मग त्याला शांतपणे विचारलं की अंधार होता का, माणूस ओळखू येत होता का, किती पावलांवर होता. पावलं त्याने कोर्टातच मोजून दाखवली, पिंजऱ्यापासून दारापर्यंत. ते अंतर आम्ही अंदाजे मीटरमध्ये लिहिलं. अशा साहेबांच्या हाताखाली काम करायला मिळालं हे माझं नशीब.

तुम्ही काय पाहावं असं विचारलंत. मी म्हणेन, कागदावर जे येत नाही ते पाहा. साक्षीदार उत्तर द्यायला किती वेळ थांबला, कुणाकडे पाहून थांबला. न्यायाधीशांना साक्षीदाराच्या वागण्याबोलण्यावर शेरा लिहायची कायद्याने मुभा आहे, पण माझ्या उभ्या नोकरीत असे शेरे मी फार थोडे टाइप केले. तुमच्या वहीत मात्र ते येऊ शकतात. आणि साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवतात, चूक असेल तर तो तिथेच सांगू शकतो. ही शेवटची पाच मिनिटं सोडून कुणी जाऊ नका. गर्दीच्या दिवशी ते वाचन घाईत उरकलं जातं, पण त्याच वेळी एखादी बाई म्हणते, "न्हाई, डाव्या नव्हं, उजव्या हातात." तो एक शब्द बदलताना मी पाहिलाय.


तिसऱ्या_वर्षाचा

मी सध्या दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात बसतोय. खटले अजून समजत नाहीत, पण रिमांड (अटक केलेल्याला कोठडीत ठेवायचं का, ते ठरवणं) समजतो, म्हणून रोज दुपारी तेच पाहतो. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत हजर करायचं हे पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात पोलिसांच्या हातातली कागदांची पिशवी आणि माणसाचे विस्कटलेले केस दिसतात.

दंडाधिकारी प्रत्येकाला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" बहुतेक सगळे "नाही" म्हणतात. तो पोलीस हातभर अंतरावर उभा असतो. परवा एका दंडाधिकारी मॅडमनी प्रश्न विचारायच्या आधी त्या पोलिसाला दाराशी जाऊन उभं राहायला सांगितलं आणि आरोपीला पुढे बोलावलं. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण मॅडमनी त्याची वैद्यकीय तपासणी पुन्हा करून घ्यायचा आदेश दिला. त्या एका कृतीने मला घटनेचा अनुच्छेद २२ कळला.

माझा प्रश्न: वकील नसलेल्या आरोपीचं काय होतं? दोन दिवसांत तीन जण एकटेच उभे दिसले.


काळा_कोट

@तिसऱ्या_वर्षाचा, विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याला मोफत वकील मिळतो. रिमांडसाठी वेगळे वकील नेमलेले असतात आणि बऱ्याच जिल्ह्यांत आता आरोपींचा मोफत बचाव करणारी लोकअभिरक्षक कार्यालयंही आहेत. मूळ आधार घटनेचा अनुच्छेद ३९अ, आणि सर्वोच्च न्यायालयाचे १९७९ चे हुसैनारा खातून निकाल. तू जे तिघं पाहिलेस त्यांना वकील हवाय का हे दंडाधिकाऱ्यांनी विचारलं का, ते नीट ऐक. विचारलं असेल तर ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, असतं.


सरकार_पक्ष

माझं काम दुसऱ्या बाजूचं. अबोली, त्या सरकारी वकिलांनी उठून वाक्य वाढवून घेतलं हे तू टिपलंस, समाधान वाटलं. आमच्याकडे दिवसाला बोर्डावर इतक्या फायली असतात की ते उठणं कधी कधी राहून जातं. मान्य करते.

विद्यार्थ्यांनी साक्षीदार फितूर होण्याचा दिवस जरूर पाहावा. सगळ्यांना वाटतं की साक्षीदार उलटला की खटला संपला. तसं नसतं. आम्ही न्यायालयाची परवानगी मागतो आणि आमच्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारतो. जबाबातला एकेक भाग वाचून दाखवायचा, "असं तुम्ही सांगितलं होतं ना?" तो म्हणतो नाही. त्या भागाला कंस करून 'अ' अशी खूण करतात, पुढे तपासी अंमलदार ती शाबीत करतो. आणि फितूर झालेल्याची सगळी साक्ष बाद होत नाही, इतर पुराव्याशी जुळणारा भाग न्यायालय घेऊ शकतं.

पंच, म्हणजे जप्तीच्या वेळी पोलिसांनी बोलावलेला साक्षीदार, फितूर होतो तो प्रसंग तर जवळून पाहा. मुद्देमालाचं (जप्त केलेल्या वस्तूंचं) पाकीट उघडतात, तपकिरी कागद, दोरा, लाखेचं सील, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. सही तुमची का? हो. आतला शर्ट कुठून काढून दिला? माहीत नाही, मला पोलीस स्टेशनला बोलावून सह्या घेतल्या. तो शर्ट मग टेबलावर तसाच पसरलेला राहतो. त्यावर ज्याचं रक्त होतं त्याची माणसं मागच्या बाकावर बसलेली असतात.

उलटण्यामागे भीती असते, पैसा असतो, गावात पुन्हा त्याच गल्लीत राहायचं असतं. आणि एक कारण आमच्या बाजूचंही असतं. चार वेळा बोलावून चारही वेळा साक्ष न घेता परत पाठवलेला माणूस पाचव्या वेळी म्हणतो, मला काही आठवत नाही.


फिर्यादीची_बहीण

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

काही वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या केसमध्ये मी साक्ष दिली. त्या दिवशी मागच्या दोन बाकांवर कॉलेजची मुलं होती, पांढऱ्या शर्टात, वह्या घेऊन. मला कुणी सांगितलं नव्हतं की ही कोण आहेत. मला वाटलं आरोपीकडची माणसं आहेत. मी बोलताना ती लिहीत होती. एकदा मी रडले तेव्हा दोघी काहीतरी बोलून हसल्या. माझ्यावर हसल्या नसतील, आपापसातलं काही असेल. पण त्यानंतर मी वकिलांच्या प्रश्नांना नुसतं हो-नाही करत गेले. जे सांगायचं होतं ते राहिलं.

बाहेर आल्यावर त्यातल्याच एका मुलाने मला विचारलं, "तुम्ही नक्की त्याला ओळखलंत का?" माझी मामेबहीण शेजारी बसली होती, तिची साक्ष व्हायची होती. शिपाई ओरडला त्याच्यावर.

तुम्ही शिकायला येता, चांगलं आहे. पण आमच्यासाठी तो आयुष्यातला एकच दिवस असतो. एवढंच सांगायचं होतं.


अबोली_क

ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच काही लिहिता आलं नाही. त्या मुलांच्या वतीने मी काय बोलणार, पण आम्ही सगळ्यांनी हे वाचावं म्हणून वर्गाच्या ग्रुपवर तुमचं नाव न घेता सांगितलंय.

इतर विद्यार्थ्यांसाठी स्पष्ट लिहिते, कारण मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांची साक्ष व्हायची आहे ते साक्षीदार बाहेर थांबतात, आतलं त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून. आपण बाहेर येऊन व्हरांड्यात "आत काय भारी उलटतपास झाला" असं बोललो तर आपण खटला बिघडवतो. साक्षीदाराशी बोलायचंच नाही, सहानुभूतीनेसुद्धा नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख कळेल असं काहीही वहीत लिहायचं नाही. ती उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. मी माझ्या वहीत सगळीकडेच नावांऐवजी क्रमांक वापरलेत. आणि त्या आईच्या साक्षीच्या वेळी मी कुठे बसले होते ते आठवून पाहिलं. अगदी तिच्या नजरेच्या रेषेत. पुढच्या वेळेपासून भिंतीकडेला बसते.


वाटसरू_७

फिर्यादीची_बहीण, लिहिलंत ते बरं केलंत. मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे, भिंतीकडेलाच बसेन.


इतिहासवेडा

धाग्याला थोडी जोड. कागदावर काय उतरतं यावरून आठवलं. १९०८ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, न्या. दावर यांच्यापुढे. ज्यूरी नऊ जणांची, त्यात सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि कित्येक दिवस भाषण केलं. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची. त्या कामकाजाचा वृत्तांत छापून प्रसिद्ध झाला, म्हणून ते भाषण आज आपल्याला वाचता येतं. टिळकांचे शब्द कोरलेली पाटी त्या दालनाबाहेर १९५६ मध्ये लागली, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते. दालन क्रमांक ४६. मुंबईला गेलात तर विद्यार्थ्यांनी तिथे दोन मिनिटं जरूर थांबावं.


निशिगंधा

अबोली, पुढची तारीख झाली का? काय झालं?


अबोली_क

झाली. सरकार पक्षाचा पुरावा संपल्याची पुरसिस (तसं लेखी निवेदन) दिली गेली आणि परवा आरोपीचा जबाब झाला, जुन्या कायद्यातलं ३१३, नव्यात ३५१. इथे शपथ नसते. पुराव्यात त्याच्याविरुद्ध जे जे आलंय ते एकेक प्रश्न करून न्यायाधीश स्वतः विचारतात. एकूण ४१ प्रश्न होते.

सुरुवातीची उत्तरं भराभर आली. "माहीत नाही", "खोटे आहे", "खोटे आहे". पहिल्या साक्षीपासून मी त्याला पाठमोराच पाहत आले होते. या वेळी भिंतीकडेला बसल्यामुळे पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असेल.

सतरावा प्रश्न त्या आईच्या साक्षीवरचा होता. साक्षीदार क्रमांक तीन हिने असे सांगितले आहे की, तुमच्या हातात कोयता होता, त्याबाबत तुम्हाला काय म्हणायचे आहे? तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "परत वाचा साहेब." न्यायाधीशांनी परत वाचला, जरा सावकाश. त्याने मागे वळून पाहिलं. ती शेवटच्या बाकावर होती, साक्ष होऊन गेल्यावरही ती प्रत्येक तारखेला येते. मी घड्याळ पाहिलं नाही, पण टंकलेखकाने कीबोर्डवरून बोटं उचलून मांडीवर ठेवली, इतका वेळ गेला.

कागदावर आहे: "प्रश्न १७ चे उत्तर: खोटे आहे."

लघुलेखक काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाकीचं मी वहीत लिहून घेतलंय. परत वाचायला सांगितलं तेही, वळून पाहिलं तेही. त्याचा अर्थ काय ते मात्र लिहिलेलं नाही, तो मला ठाऊक नाही.

बचाव पक्षाला साक्षीदार तपासायचा नाही. पुढची तारीख युक्तिवादाची आहे. नोंदवही त्याच्या आधी जमा करायची आहे, तरी मी जाणार आहे.